कपाटाची किल्ली कपाटातच: एका डिस्कच्या स्थलांतराची गोष्ट

मागच्या लेखात डिस्कची 'प्रतिमा' म्हणजे काय, ती कशी घेतात आणि माझ्या प्रबंधात तिचं काम काय, हे सांगितलं होतं. आज त्याच्या पुढची पायरी. ऑपरेटिंग सिस्टीम असलेली अख्खी डिस्क एका कॉम्प्युटरमधून काढून दुसऱ्यात लावली तर काय होतं? आणि जे होतं ते तसंच का होतं? याचं उत्तर शोधायला साठेक वर्षं मागं जावं लागेल. पण सुरुवात करते आखाडा बाळापूरच्या एका छोट्या दुकानापासून, कारण हा प्रश्न मला तिथंच पडला. खरं सांगायचं तर मला नाही, माझ्या मामाला पडला.

ज्यांना गाव माहीत नाही त्यांच्यासाठी: आखाडा बाळापूर म्हणजे हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी तालुक्यातलं, हिंगोली-नांदेड रस्त्यावरचं मोठं गाव. आजूबाजूला हळदीचा पट्टा. मामाचं तिथं झेरॉक्स, लॅमिनेशन आणि डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, शाळेच्या स्मरणिका, दहाव्या-तेराव्याची पत्रं, दुकानांचे बोर्ड, सगळं मामाच्या हातून जातं. गेल्या उन्हाळ्यात मी सुट्टीला गेले तेव्हा मामाचा जुना सीपीयू बंद पडलेला होता.

"लाइट लागंना, पंखा फिरंना. मेकॅनिक म्हणतो मदरबोर्ड गेला," मामा म्हणाले. "पण डिस्क चांगली हाय म्हणतो. तू तर हेच शिकायलीस ना? काढ ती डिस्क अन् लाव ह्या दुसऱ्या सीपीयूत."

दुसरा सीपीयू म्हणजे नांदेडहून आणलेला, कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला जुना पण बऱ्या अवस्थेतला. मी डिस्क काढली, लावली, बटण दाबलं. कंपनीचं चिन्ह आलं, पडदा क्षणभर काळा झाला, ऑपरेटिंग सिस्टीमचं चित्र दिसलं. मामा खुश. आणि मग निळा पडदा, पांढरी अक्षरं, की पुन्हा पहिल्यापासून सुरू. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच.

मामा म्हणाले, "डिस्क तीच, सिस्टीम तीच, फायली त्याच. डब्बा बदलला म्हणून हिचं काय गेलं?"

हसण्यावारी नेण्यासारखा हा प्रश्न नाही. आणि घाई असण्याचं कारणही होतं. त्या डिस्कवर माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. आजी असताना मामानं तिला समोर बसवून शंभरावर ओव्या टाइप करून घेतल्या होत्या, पुस्तिका काढायची म्हणून. पुस्तिका राहिली, आजी गेली, फाइल राहिली. ती फाइल पेजमेकरची, अक्षरं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधली, आणि ते सगळं उघडणारी व्यवस्था फक्त त्या एका डिस्कवर मांडलेली. सॉफ्टवेअरच्या सीडी कधीच्याच हरवलेल्या. त्यामुळे 'फायली कॉपी करा आणि सगळं नव्यानं टाका' हा नेहमीचा सल्ला इथं कामाचा नव्हता. बिऱ्हाडासकट हलवायचं होतं.

यंत्र आणि प्रणाली एकच होते तेव्हा

मामाच्या प्रश्नात एक गृहीतक आहे: यंत्र वेगळं आणि त्यावर चालणारी प्रणाली वेगळी. आज आपल्याला हे उघड वाटतं. पण कॉम्प्युटरच्या सुरुवातीच्या काळात असं वेगळेपण नव्हतंच.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला 'टिफ्रॅक' १९६० साली पूर्णपणे कामाला लागला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला हे नाव दिलं. त्याची स्मृती होती २०४८ शब्दांची, एकेक शब्द ४० बिटांचा. टिफ्रॅक जगात एकच होता, म्हणून त्याच्या आज्ञांमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर चालण्याचा प्रश्नच नव्हता. पुढं १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा अमेरिकन कॉम्प्युटर आला. त्याचा शब्द ४८ बिटांचा, आज्ञा वेगळ्या. टिफ्रॅकच्या आज्ञांत लिहिलेलं काम तिकडं न्यायचं तर ते नव्यानं लिहिण्याला पर्याय नव्हता.

त्याच वर्षी, ७ एप्रिल १९६४ रोजी, आयबीएमनं 'सिस्टीम/३६०' जाहीर केली. त्यातली मोठी गोष्ट वेग नव्हती. लहान, मध्यम, मोठी अशी अनेक यंत्रं, पण सगळ्यांच्या आज्ञा एकच, ही ती गोष्ट. लहान यंत्र घ्या, काम वाढलं की मोठं घ्या, प्रोग्रॅम तेच चालतील. 'आपलं काम एका यंत्राशी बांधलेलं नाही' हे वचन गिऱ्हाइकाला प्रथमच इतक्या ठळकपणे दिलं गेलं. पण हे वचन एका कंपनीच्या घराण्यापुरतंच होतं. घराणं बदललं की पुन्हा शून्यापासून.

या अडचणीतून आपल्याकडे एक धंदा उभा राहिला, हे फारसं कुणी सांगत नाही. मुंबईच्या टीसीएसनं फकीरचंद कोहली यांच्या काळात, १९७० च्या दशकात, परदेशासाठी जी पहिली मोठी कामं केली ती याच जातीची होती. बरोज कंपनीच्या एका प्रकारच्या यंत्रासाठी कोबॉलमध्ये लिहिलेली प्रणाली त्याच कंपनीच्या दुसऱ्या प्रकारच्या यंत्रावर चालेल अशी बदलून द्यायची. ते काम झालं आयसीएल १९०३ या तिसऱ्याच यंत्रावर, त्यासाठी खास लिहिलेल्या रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमच्या मदतीनं. भारतीय सॉफ्टवेअर निर्यातीच्या पायातला एक दगड म्हणजे हे बिऱ्हाड हलवण्याचं काम.

ऑपरेटिंग सिस्टीमच हलवली तर?

१९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसननं पीडीपी-७ या लहान यंत्रावर युनिक्सची सुरुवात केली. तेव्हा तीही त्या यंत्राच्याच भाषेत लिहिलेली. मग डेनिस रिचीनं सी ही भाषा घडवली आणि १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा सीमध्ये पुन्हा लिहिला गेला. सीचा प्रोग्रॅम कुठल्याही यंत्राच्या भाषेत उतरवता येतो, फक्त त्या यंत्रासाठी भाषांतर करणारा प्रोग्रॅम हवा. म्हणजे आता ऑपरेटिंग सिस्टीमही एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता येईल?

१९७७ मध्ये याचं उत्तर दोन ठिकाणी, जवळपास एकाच वेळी मिळालं. ऑस्ट्रेलियात वोलोंगाँग विद्यापीठात रिचर्ड मिलरनं युनिक्स इंटरडेटा ७/३२ वर उतरवलं. बेल लॅब्जमध्ये रिची आणि स्टीव्ह जॉन्सन यांनी ते इंटरडेटा ८/३२ वर नेलं. बेल लॅब्जवाल्यांचा विचार मला फार आवडतो. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: नव्या यंत्रावर गेल्यावर शेकडो प्रोग्रॅम तिथल्या परक्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी बदलत बसण्यापेक्षा, आपली ऑपरेटिंग सिस्टीमच सोबत घेऊन जाणं सोपं.

हे करताना त्यांना सगळा कोड दोन ढिगांत वाटावा लागला: यंत्राशी बोलणारा थोडासा भाग आणि यंत्र कुठलं याच्याशी देणंघेणं नसलेला मोठा भाग. आजच्या प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीममध्ये ही वाटणी आहे. पण लक्षात घ्या, इथं हलवला जात होता तो मूळ कोड. नव्या यंत्रासाठी तो पुन्हा भाषांतरित करायचाच होता. तयार, चालू असलेली डिस्क उचलून दुसऱ्या यंत्रात लावणं ही गोष्ट अजून दूर होती.

डिस्क खरोखर हलायची तो काळ

ती जवळ आणली छोट्या कॉम्प्युटरांनी. गॅरी किल्डॉलनं १९७४ मध्ये सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांसाठी ती सारखी बदलावी लागायची, म्हणून त्यानं यंत्राशी बोलणारा भाग वेगळा काढून त्याला नाव दिलं 'बायॉस'. हा शब्द आपण अजून वापरतो.

१२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमचा पीसी आला. त्यात बायॉस मदरबोर्डवरच्या चिपमध्येच होता. त्याचा कोड आयबीएमनं आपल्या तांत्रिक पुस्तकात छापलाही होता, पण हक्क राखून. १९८२ च्या नोव्हेंबरात कॉम्पॅकनं आपला पीसी जाहीर केला. त्यासाठी त्यांनी बायॉस तसाच वागेल असा, पण आयबीएमच्या कोडला हात न लावता, वेगळा लिहून घेतला. पुढं फीनिक्ससारख्या कंपन्या असा बायॉस इतरांना विकू लागल्या आणि 'आयबीएम कम्पॅटिबल' डबे जगभर झाले.

डॉस ही ऑपरेटिंग सिस्टीम डिस्क वाचायची तर बायॉसला सांगायची, "अमुक जागचं वाच." आत कुठलं कार्ड आहे, तार कशी जोडली आहे, हे डॉसला माहीतच नसायचं. त्यामुळे त्या काळी मामासारख्यांची युक्ती बहुतेक वेळा चालायची. डिस्क काढा, लावा, चालू. कधीकधी दोन बायॉस डिस्कवरच्या जागा वेगळ्या पद्धतीनं मोजायचे आणि घोळ व्हायचा, पण तेवढंच.

मग हे बिघडलं कशानं?

किल्ली कपाटात राहिली

बायॉसच्या मार्फत काम करणं हळू होतं आणि एका वेळी अनेक कामं करणाऱ्या सिस्टीमला ते पुरत नव्हतं. जुलै १९९३ मध्ये विंडोज एनटी आली. डेव्ह कटलर आणि त्याच्या चमूनं ती एका प्रोसेसरला चिकटू नये म्हणून मुद्दाम आधी इंटेलच्या नेहमीच्या घराण्याबाहेरच्या प्रोसेसरवर घडवली. त्यात 'हॅल' नावाचा एक थर ठेवला, यंत्रायंत्रांतला फरक पोटात घेण्यासाठी. म्हणजे हेतू हलतं राहण्याचाच होता. पण डिस्क, पडदा, नेटवर्क यांच्याशी बोलायला एनटी स्वतःचे ड्रायव्हर वापरते. आणि त्यातले कुठले लागणार हे सिस्टीम टाकताना, समोरचं यंत्र बघून, ठरवलं जायचं.

आता सुरू होताना काय होतं ते क्रमानं बघू. बटण दाबल्यावर छोटासा लोडर बायॉसच्याच मदतीनं डिस्क वाचतो. तो गाभा उचलतो, हॅल उचलतो, आणि 'सुरुवातीलाच लागणारे' अशी नोंद असलेले ड्रायव्हर उचलतो. इथपर्यंत सगळं सुरळीत. म्हणून तर चित्र दिसतं. मग गाभा कारभार हाती घेतो आणि बायॉसला बाजूला करतो. इथून पुढं डिस्क वाचायची ती स्वतःच्या ड्रायव्हरनं. नव्या यंत्रातला डिस्क-नियंत्रक वेगळ्या जातीचा असेल आणि त्याच्या ड्रायव्हरची नोंद सुरुवातीच्या यादीत नसेल, तर गाभ्याला आपलीच डिस्क दिसेनाशी होते. गंमत म्हणजे तो ड्रायव्हर त्या डिस्कवर पडलेलाही असू शकतो. पण डिस्क वाचायला ड्रायव्हर हवा, आणि ड्रायव्हर डिस्कवर. कपाटाची किल्ली कपाटातच. या अवस्थेच्या निळ्या पडद्याचं नावच आहे 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'.

मामाला मी हे असंच सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे नव्या घरात आलेला माणूस अंधारात बटण शोधायलाय." बरोबर. जुन्या घरात त्याला बटणाची जागा पाठ होती.

दुसरी एक गाठ तंत्राची नव्हती, ती मुद्दाम मारलेली होती. ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये 'सक्रियण' आलं. यंत्रातल्या सुट्या भागांवरून एक खूण तयार व्हायची आणि भाग फार बदलले की सिस्टीम पुन्हा परवानगी मागायची. कॉम्प्युटरसोबत आलेली प्रत तर त्या यंत्रापुरतीच मानली जाते, आणि यंत्र म्हणजे व्यवहारात मदरबोर्ड. म्हणजे तांत्रिक किल्ली सापडली तरी पुढच्या दाराशी कुलूप असू शकतं. या दोन गाठी वेगळ्या आहेत, आणि माझ्या संशोधनात मला त्या वेगळ्या ठेवाव्या लागतात: एक न दिसल्यामुळे पडलेली, दुसरी जाणूनबुजून घातलेली.

किल्ली खिशात ठेवणारी वाट

लिनक्सचं काय? १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सनं ते सुरू केलं तेव्हा ते इंटेलच्या ३८६ प्रोसेसरला पक्कं बांधलेलं होतं आणि त्यानं स्वतःच तसं जाहीर सांगितलं होतं. पुढच्या काही वर्षांत ते अल्फासारख्या इतर प्रोसेसरांवर गेलं. पण आपल्या प्रश्नासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. आजच्या लिनक्समध्ये लोडर गाभ्यासोबत एक लहान गाठोडं थेट स्मृतीत आणून ठेवतो. त्यात अनेक प्रकारच्या डिस्क-नियंत्रकांचे ड्रायव्हर असतात. गाभा गाठोडं उघडतो, समोर काय आहे ते बघतो, लागेल तो ड्रायव्हर घेतो आणि मग खरी डिस्क उघडतो. किल्ली कपाटात नाही, खिशात. शिवाय डिस्कची ओळख 'अमुक तारेवरची पहिली' अशी न ठेवता तिच्या स्वतःच्या क्रमांकानं ठेवली जाते, त्यामुळे तार बदलली तरी ओळख बदलत नाही.

हे लोकांना पटवून दिलं ते थेट सीडीवरून चालणाऱ्या लिनक्सनं. क्लाउस क्नॉपरचं 'क्नॉपिक्स' २००० साली आलं. एकच सीडी, कुठल्याही पीसीत घाला, ती यंत्र ओळखून सुरू व्हायची. जी सिस्टीम प्रत्येक वेळी नव्या घरात जागी होणार, तिला बटणाची जागा पाठ करून चालत नाही. विंडोजमध्येही पुढं याच दिशेनं बदल झाले. व्हिस्टापासून हॅलची निवड सुरू होतानाच होऊ लागली आणि विंडोज ८ सोबत मोठ्या संस्थांसाठी पेन ड्राइव्हवरून चालणारी 'विंडोज टू गो' आली, जी २०२० मध्ये बंद झाली.

लिनक्स नेहमीच हलतं असंही नाही. काही ठिकाणी जागा वाचवायला गाठोड्यात फक्त चालू यंत्राचेच ड्रायव्हर भरतात. तसं असेल तर तिथंही मामाचाच अनुभव येतो.

आणि मराठीचं बिऱ्हाड?

इथपर्यंतची गोष्ट तुम्हाला कुठल्याही भाषेत वाचायला मिळेल. पण मामाच्या डिस्कवर आणखी एक थर होता: लिपीचा. कॉम्प्युटरवरची मराठी बराच काळ यंत्राशी बांधलेली होती, आणि तेही अगदी शब्दशः.

आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं काम १९८८ मध्ये पुण्यात नव्यानं स्थापन झालेल्या सी-डॅककडे आलं आणि 'जिस्ट' नावानं वाढलं. त्यातलं जिस्ट कार्ड हे पीसीच्या खाचेत बसवायचं खरंखुरं कार्ड होतं. ते बसवलं की डॉसवरचे इंग्रजीसाठी लिहिलेले प्रोग्रॅमही देवनागरी दाखवू लागायचे. त्या काळच्या पीसीच्या मर्यादा बघता हा फार हुशारीचा मार्ग होता. पण मराठी आता त्या कार्डात होती. डिस्क काढून कार्ड नसलेल्या डब्यात लावली की फायली असायच्या, मराठी नसायची.

पुढं विंडोज आली आणि कार्डाची जागा फॉन्टांनी घेतली. हे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवायचे, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. फाइलमध्ये असायचे फक्त आकडे. तो फॉन्ट असेल तर ओवी, नसेल तर खुणांचा कचरा. बऱ्याच पॅकेजांसोबत प्रिंटरच्या पोर्टला लावायचं छोटं 'हार्डवेअर लॉक' यायचं. ते नसेल तर टाइप करता येत नसे. मामाकडेही तसंच एक होतं. नव्या सीपीयूला प्रिंटरचं ते जुनं, रुंद पोर्टच नव्हतं.

सुटका एका मानकातून आली. 'इस्की' हे भारतीय लिप्यांचं सामायिक संकेतन १९९१ मध्ये भारतीय मानक झालं. युनिकोडनं देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावरून घेतली. फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरी थेट ऑपरेटिंग सिस्टीममध्ये आली आणि तिच्यासोबत आला र. कृ. जोशी यांनी रेखलेला 'मंगल' फॉन्ट. तेव्हापासून मराठी मजकूर यंत्राचा राहिला नाही, कार्डाचा नाही, कुलपाचा नाही. तुम्ही हा लेख ज्या कुठल्या पडद्यावर वाचताय तिथं तो दिसतोय, तो यामुळेच. पण दुकानादुकानांत जुने फॉन्ट पुढंही अनेक वर्षं चालले, कारण छपाईची सगळी घडी त्यांच्यावर बसलेली होती.

दुकानात परत

आता माझी चूक सांगते. मी निळा पडदा बघितला आणि घाईत सिस्टीमला 'दुरुस्ती' करू दिली. मूळ डिस्कवर, प्रत न घेता. जी मुलगी डिस्कच्या प्रतिमांवर प्रबंध लिहिते तिनं हे करावं! दुरुस्तीनं काही सुधारलं नाही, सुदैवानं फारसं बिघडवलंही नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी आधी करायचं ते केलं. लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून नवा सीपीयू सुरू केला, जुन्या डिस्कची बिटाला बिट प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर घेतली आणि मूळ डिस्क कपाटात ठेवली. पुढचं सगळं प्रतिमेवर.

नव्या सीपीयूच्या सेटिंगमध्ये डिस्क-नियंत्रकाला जुन्या आयडीई पद्धतीनं वागायला सांगता येत होतं. प्रतिमा एका रिकाम्या डिस्कवर उतरवून तसं केलं, तर सिस्टीम एक पायरी पुढं गेली आणि पुन्हा अडकली. त्यामुळे यंत्राला जुळवून घेण्याचा नाद सोडला आणि उलट केलं: डिस्कसाठी खोटं जुनं यंत्र उभं केलं. यालाच आभासी यंत्र म्हणतात. ही कल्पनाही नवी नाही. आयबीएमच्या एका मोठ्या यंत्राच्या पोटात अनेक आभासी यंत्रं चालवण्याची सोय १९६० च्या दशकातच होती, १९७२ मध्ये ती 'व्हीएम/३७०' नावानं बाजारात आली, आणि साध्या पीसीवर ती आणली व्हीएमवेअरनं १९९९ मध्ये. प्रतिमेतल्या नोंदवहीत सर्वसाधारण आयडीई ड्रायव्हरची नोंद 'सुरुवातीला लागणारा' म्हणून घातली, म्हणजे किल्ली आधीच बाहेर काढून ठेवली, आणि आभासी यंत्राचं बटण दाबलं.

मामाचा जुना डेस्कटॉप समोर आला. कोपऱ्यातलं घड्याळसुद्धा तसंच. पेजमेकर उघडलं. लॉक नसल्यामुळे टाइप करता येईना, पण फॉन्ट त्या डिस्कवरच असल्यामुळे वाचता येत होतं. पहिलं पान आजीचं.

मग मजकूर साध्या फाइलीत काढला आणि युनिकोडमध्ये आणण्यासाठी आकड्यांचं कोष्टक हातानं बनवलं. कुठल्या आकड्याला कुठलं अक्षर, एवढ्यानं भागत नाही. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसण्याच्या क्रमानं साठवलेली असतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमानं. 'विठ्ठल' मध्ये जुन्या फाइलीत आधी वेलांटी, मग व. युनिकोडमध्ये आधी व. 'पर्वत' मध्ये जुन्या फाइलीत रफार व च्या नंतर, युनिकोडमध्ये आधी. हे नियम लिहिले तरी चुका राहतात, आणि ओव्यांमधले शब्द आमच्याकडचे, कुठल्याही शुद्धलेखन-तपासनीसाला न कळणारे. शेवटी मामा जुन्या पडद्यावरून मोठ्यानं वाचायचे आणि मी नव्या मजकुरावर बोट ठेवून बघायची. तीन संध्याकाळी लागल्या. काही ओव्या मामांनी पडद्याकडे न बघताच म्हटल्या. त्यांच्या तोंडचा आणि फाइलीतला शब्द तीन-चार ठिकाणी वेगळा निघाला. आम्ही दोन्ही ठेवले.

आता डिस्क हलवायची असेल तर

तुमच्यावर ही वेळ येईलच, म्हणून आजची परिस्थिती थोडक्यात सांगते. ड्रायव्हरची अडचण खूप कमी झाली आहे. साधारण गेल्या दहा वर्षांतली विंडोज किंवा लिनक्सची डिस्क दुसऱ्या पीसीत बऱ्याचदा थोडं थांबून, यंत्र ओळखून सुरू होते. पण इतर गाठी वाढल्या. बायॉसची जागा घेणारं यूईएफआय 'कुठली डिस्क, कुठली फाइल सुरू करायची' ही नोंद मदरबोर्डवर ठेवतं, म्हणून नवा बोर्ड कधीकधी डिस्कवरची सिस्टीम ओळखतच नाही आणि नोंद नव्यानं करावी लागते. आणि डिस्क बिटलॉकरनं कुलूपबंद असेल तर तिची किल्ली जुन्या मदरबोर्डवरच्या टीपीएम चिपच्या ताब्यात असते. नव्या यंत्रात ४८ अंकी परतीची किल्ली विचारली जाते. चोरापासून संरक्षण म्हणून हे योग्यच आहे. पण मदरबोर्ड जळाल्यावर मालक आणि चोर यांतला फरक चिपला कळत नाही.

म्हणून यंत्र चालू आहे तोवरच चार गोष्टी बघून ठेवा. परतीची किल्ली कागदावर लिहून घ्या. सिस्टीमचा परवाना यंत्रासोबतचा आहे की वेगळा घेतलेला, ते तपासा. सेटिंगमध्ये डिस्क-नियंत्रक कुठल्या पद्धतीवर आहे याचा फोटो काढा. आणि काहीही करण्याआधी प्रतिमा घ्या, माझ्यासारखं नंतर नाही. तुमच्या घरात किंवा ओळखीच्या दुकानात जुन्या फॉन्टमधल्या मराठी फायली असतील, तर त्यांचा फॉन्टही सोबत जपा. नुसत्या फाइलीचा उपयोग नाही.

मामाच्या प्रश्नाचं उत्तर मी आता असं देते: डब्बा बदलल्यानं डिस्कवरचं काहीच गेलं नव्हतं. गेली होती ती तिच्या पाठांतरातली जागा. साठ वर्षांत लोकांनी हे पाठांतर थोडं थोडं कमी करत आणलं, कधी कोड दोन ढिगांत वाटून, कधी किल्ली खिशात ठेवून, कधी सगळ्या देशानं एका अक्षराला एकच आकडा देऊन.

जुनी डिस्क अजून मामाच्या कपाटात आहे, कपड्यात गुंडाळलेली. प्रतिमेच्या तीन प्रती तीन ठिकाणी आहेत. ओव्यांची पुस्तिका या दिवाळीला निघेल, आणि तिची फाइल उघडायला कुठलंच विशिष्ट यंत्र लागणार नाही. पुढच्या लेखात त्या रूपांतराच्या कोष्टकाबद्दल सविस्तर सांगेन.